राहिलेलं आवतण

धाकू गायकरनं आयुष्यातली सगळी गाणी एका बाजूनं ऐकली. रंगमंदिराच्या विंगेत, भिंतीला लागून, पडद्याचा दोर आहे आणि दोराजवळ एक स्टूल. तिथून गाणारा माणूस दिसतो तो अर्धाच. एक कान, एक गाल, मांडीवर ठेका धरलेला एक हात, मागे तानपुऱ्याचा भोपळा. तीस वर्षांत धाकूनं एकही मैफल समोर बसून ऐकली नव्हती. मोठमोठे गवई त्याला असे अर्धेच ठाऊक होते. त्यातला एखादा बाजारात समोरून आला असता तर त्यानं ओळखला नसता. पण श्वास घेताना कोण मान खाली घालतो, वरच्या सुरावर जायच्या आधी कोण अंगठ्यानं सतरंजी कुरवाळतो, हे त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं.

रंगमंदिर डोंबिवली पूर्वेला आहे. त्याला एक लांबलचक नाव आहे, ते निमंत्रणपत्रिकेवर छापतात. रिक्षावाले आणि गावातली माणसं नुसतं हॉल म्हणतात. सकाळी शाळेचं स्नेहसंमेलन, दुपारी सहकारी बँकेची सभा, संध्याकाळी गाणं. एका जुन्या मुख्याध्यापकांचा सत्कार तिथं झाला आणि चार वर्षांनी शोकसभाही तिथंच झाली. दोन्ही वेळा पहिल्या रांगेत तीच माणसं बसली होती. परकर-पोलक्यात कथक नाचलेल्या मुली पुढं आपल्या मुलींना घेऊन त्याच मेकअपच्या खोलीत येऊ लागल्या आणि आरशावरचे दिवे अजून तेच आहेत म्हणून हसू लागल्या.

या गावात शांतता कुणाच्या घरची नाही. भिंतीपलीकडचा मिक्सर, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, खालच्या बिऱ्हाडातलं भांडण, सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जातं. त्याच गावातले नऊशे लोक संध्याकाळी हॉलमध्ये येतात, दिवे मंदावतात, आणि नऊशे लोक एकदम गप्प होतात. धाकूला तीस वर्षांत या गोष्टीची सवय झाली नाही. तो दोर धरून उभा असायचा आणि पडद्याच्या पलीकडून ती शांतता त्याला कळायची, भरतीचं पाणी बांधाला येऊन टेकावं तशी. पडदा उघडायच्या आधीचे ते पाच-सात क्षण. गाण्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं. रागांची नावं तो चुकवायचा. पण इतकी माणसं आपापला आवाज आत घेतात आणि एकाच्या आवाजाला जागा करून देतात, याहून मोठं काही माणसाला जमत असेल असं त्याला वाटत नव्हतं.

हॉल उभा आहे तिथं पूर्वी भाताची खाचरं होती. रंगमंचाच्या जागी बांध होता आणि त्या बांधाच्या बिळांत हात घालून धाकूनं लहानपणी चिंबोऱ्या धरल्या होत्या. जमीन गेली तेव्हा तो विशीत होता. बांधकामावर त्यानं पाट्या वाहिल्या, आणि बांधकाम संपल्यावर बाकीचे गेले, तो राहिला. रघुनाना नावाचे एक म्हातारे रंगमंच-कामगार नाटक कंपनीतून तिथं आले होते. त्यांनी त्याला दोर शिकवला. विनोदी नाटकाचा पडदा थप्पड मारल्यासारखा पाडायचा. रडक्या नाटकाचा बायकांनी डोळे पुसून घेतल्यावर. गाण्याचा पडदा मात्र पाडायचाच नाही, तो आपला आपण खाली आला असं लोकांना वाटलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"विंगेत आपण नसतो," रघुनाना म्हणाले होते. "खोकला आला तर गिळायचा. शिंक आली तर मरायचं."

धाकूनं ते इतकं पाळलं की त्याची आई गेल्याचा निरोप एका तराण्याच्या मध्यावर आला तेव्हा त्यानं फक्त मान हलवली. तराणा संपला, पडदा खाली आला, मग तो घरी गेला. मध्यंतरी पडद्याला मोटर बसवली होती. तिची घरघर गवयांना खपेना, म्हणून पुन्हा दोर आला आणि दोराबरोबर धाकू.

त्याची थोरली बहीण बायजा गायची. पण ते गाणं धाकूच्या मोजणीत नव्हतं, कारण ते पडद्यामागून यायचं नाही. बायजा धवलारीण होती, लग्नातले धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी धवलारीण येते. ती गायली नाही तर हळद लागत नाही. त्या गाण्यांत सगळ्यात लांब असतं देवांचं आवतण. गावोगावच्या देवांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं. खाडीकडून सुरुवात करायची आणि एकेक गाव घेत वर सरकत जायचं. बायजाची रीत अशी होती की देवाचं नाव घेतलं की ती थांबायची. वधूच्या बापानं उत्तर द्यायचं, आयला, किंवा आयली. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. घाई करायची नाही, कारण देव पायी येतात.

सहा वर्षांपूर्वी धाकूच्या मुलीची, करिश्माची, हळद होती. धाकूच्या मेव्हण्यानं, महिपतनं, डीजे आणला होता, ट्रकभर स्पीकर, वर फिरते दिवे. बायजा मांडवात पाटावर बसून आवतण गात होती आणि तरणी पोरं घड्याळं बघत होती. महिपत दोनदा येऊन म्हणून गेला, "आत्याबाय, देवांना बसनं येऊ दे ना, चालत कशाला आनतंस." लोक हसले, बायजाही हसली. कोपर झालं, आयरे झालं, भोपर, नांदिवली झाली. मग तिनं सागावच्या गावदेवीचं नाव घेतलं आणि थांबली. धाकूनं उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी स्पीकर सुरू झाले. मांडवाचे खांब हलले. सगळे नाचायला उठले. बायजा धाकूकडे बघत राहिली. तो उठून डीजे बंद करू शकला असता. घर त्याचं होतं, लग्न त्याच्या मुलीचं होतं. त्यानं हात जोडून बहिणीला खूण केली, राहू दे.

परक्यांच्या गाण्यासाठी उभा जन्म शांतता राखलेल्या माणसानं स्वतःच्या मांडवात ही खूण केली.

बायजानं पिशवी उचलली आणि निघाली. दारात धाकूच्या बायकोला म्हणाली, "अर्धे देव आयले. अर्धे वाटेवर उभे हाईत. त्यांना मी काय सांगू?" त्या दिवसापासून ती धाकूशी बोलली नाही. करिश्माशी बोलायची, जावयाशी, दिपेशशी, थट्टा करायची, धाकूच्या बायकोला सुकट पाठवायची. दोघांची घरं पाथर्लीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रस्त्यात समोरासमोर आली तर बायजा भाजीच्या गाडीकडे वळायची आणि नको असलेली भेंडी बोटांनी मोडून बघत राहायची. त्यानंतर ती कुणाच्याच लग्नात गायली नाही. तिनं सोडलं की लोकांनी बोलवायचं सोडलं, हे नक्की कुणाला सांगता आलं नसतं. एव्हाना धवले पेनड्राइव्हवर मिळू लागले होते.

करिश्माचा संसार चांगला चालला होता. वाईट काहीच झालं नव्हतं. तेच धाकूला खुपायचं. काही झालं असतं तर निदान आपल्या चुकीचं माप कळलं असतं.

यंदा रंगमंदिराला तीस वर्षं झाली. गावातल्या नादवेल संगीत सभेनं रविवारी संध्याकाळी मोठी मैफल ठरवली. सभेच्या सचिव मृणालताई, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, चोळ्याला राहणाऱ्या, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ घालणाऱ्या. त्यांच्या मनात आलं की मैफलीच्या आधी इथल्या मातीतलं काहीतरी व्हावं. सात मिनिटं.

"धाकू, तुमच्या बहिणीबद्दल मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "विचाराल का त्यांना?"

"मी नाही विचारू शकत, ताई. पोरीला पाठवतो."

पाठवतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं. रेडिओची माणसं आली होती, एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, बायजानं सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. करिश्मा गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"हो म्हणाली."

"हो?"

"विचारलं, तुझा बाप असनार काय तिथं. मी म्हटलं, पप्पा पडद्याला असतात. मग म्हणाली, येतंय."

धाकूला आनंद झाला आणि भीतीही वाटली. शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली, वय झालं, राग निवला, एखादं हळदीचं गाणं म्हणेल, चार कडव्यांचं. सात मिनिटांत ते सहज बसेल. इथं तो चुकला. आपल्या बहिणीला ओळखायला चुकला, आणि तेही दुसऱ्यांदा.

रविवारी चारच्या सुमाराला बायजा आली. सत्तरी ओलांडलेली, हिरवं नऊवारी, केसांत अबोली. बरोबर करिश्मा आणि दिपेश. ती रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघितलं. वर काळोखात दोर, कप्प्या, लोंबणारे पडदे. मग समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. धाकू तिच्यापासून चार हातांवर उभा होता.

"करिश्मा, तुझे बापाला विचार, इथं बोललेला कुठवर जातं."

"सांग तिला, शेवटच्या रांगेपर्यंत," धाकू म्हणाला.

"आनि भाईर?"

"भाईर नाय जात."

"मंग कशाला बांधलाय," बायजा म्हणाली. करिश्मानं हे बापाला सांगायची गरज उरली नव्हती.

ध्वनियंत्रणा बघणारा लिओनार्ड कळव्याहून येतो. वीस वर्षांपासून धाकूचा मित्र. तो माईकचा स्टँड घेऊन आला. "मावशी, हा इथं ठेवतो. तोंडापासून एक वीत लांब."

"खानार काय मना?"

"नाही मावशी. ऐकणार."

"ऐकनारा हाय ना, मंग बसू दे त्याला."

लिओनार्ड धाकूजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी मावशी उर्सुला अशीच होती रे. आमच्या लग्नांत गायची. तिला माईक दिला की ती माईकलाच शिव्या द्यायची."

मृणालताई आल्या. त्यांनी बायजाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मावशी, सात मिनिटं हं. तुमच्यानंतर गाणाऱ्या बाईंना लवकर परत जायचंय."

बायजानं करिश्माकडे बघितलं. "संपेल तवा संपेल, सांग तिना."

"हो म्हणतेय," करिश्मा म्हणाली.

मग बायजानं एकच गोष्ट मागितली. करिश्मा आणि दिपेश यांनी पहिल्या रांगेत, मधोमध बसायचं. दिपेश लाजून म्हणाला, "आत्या, आम्ही मागं बसतो ना, व्हीआयपी लोक येणार तिथं." बायजा म्हणाली, "जोड्यानं बसा. पोरीला उजवीकडं घे." धाकूनं हे ऐकलं. त्याला वाटलं, म्हातारीला आपली माणसं समोर हवीत.

साडेपाचला तिसरी घंटा झाली. हॉल भरलेला होता. धाकूनं दोर ओढला.

बायजा पाटावर बसली होती. तिनं नमस्कार केला नाही, प्रस्तावना केली नाही. डोळे उघडे, नजर पहिल्या रांगेवर. तिनं सूर काढला. ते हळदीचं गाणं नव्हतं. ते आवतण होतं. आणि ते खाडीकडून सुरू झालं नव्हतं.

*सागावचे गावदेवी गो, तुला आवतान,*
*चिखल तुडवीत ये गो बाय, मांडव उभा हाय.*

जिथं तोडलं होतं, तिथूनच. सहा वर्षांपूर्वी स्पीकर सुरू झाले त्याच गावापासून. समोर करिश्मा, तिच्या डावीकडे दिपेश. बायजा लग्न नसताना गात नव्हती. ती लग्नच पुढं चालू करत होती.

नाव घेतलं आणि ती थांबली.

हॉल गप्प होता. धाकूच्या ओळखीची ती शांतता, पण तिनं आज तोंड फिरवलं होतं. आजवर ती गाणाऱ्याची वाट बघायची. आता गाणारी वाट बघत होती, आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये कशाची ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

पाच क्षण गेले. दहा. लोकांना आधी वाटलं, ही गाण्याचीच पद्धत असेल. मग कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या रांगेतून धीर द्यायला दोन-चार टाळ्या आल्या आणि विरल्या. बायजा हलली नाही. तिनं विंगेकडे एकदाही बघितलं नाही. समोरच्या विंगेत मृणालताई कासावीस झाल्या होत्या. म्हातारी शब्द विसरली, असं त्यांना वाटलं. नऊशे लोकांसमोर तिची फजिती होऊ नये म्हणून त्यांनी हात वर केला. पडदा.

धाकूच्या दोन्ही हातांत दोर होता. मृणालताई भल्या बाई होत्या, त्यांची खूण भल्याचीच होती. आणि पडदा पाडणं हेच त्याचं काम होतं; न पाडल्याचं तीस वर्षांत एकही उदाहरण नव्हतं. पण आता हा पडदा आला तर आवतण दुसऱ्यांदा तुटणार होतं. वाटेवरच्या देवांना परत फिरावं लागणार होतं. आणि बायजा पुन्हा सुरुवात करायला उरणार नव्हती. दुसरा मार्ग एकच होता, उत्तर द्यायचं, आणि विंगेत धाकू नसतो.

त्यानं दोर तसाच धरून ठेवला.

"आयली," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की तो त्याला स्वतःलाही धड ऐकू आला नाही. पण बायजाला गेला. तिच्या मानेची शीर सैल झाली आणि ती पुढच्या गावाला निघाली.

*सोनारपाड्याचे मालका रे, तुला आवतान.*

"आयला."

या वेळी पहिल्या काही रांगांनी ऐकलं. माना वळल्या. आवाज कुठून आला ते कळेना. करिश्मानं मात्र बापाचा आवाज ओळखला आणि पदर डोक्यावर घेतला. दिपेशनं बूट काढून खुर्चीखाली सरकवले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आयली," तिसऱ्यांदा धाकू म्हणाला. आता आवाज त्याचा होता.

मग बायजानं गोळवलीच्या देवीला हाक मारली आणि थांबली. धाकू श्वास घेत होता तेवढ्यात हॉलच्या अगदी मागून, दारापाशी, आवाज आला. "आयली." तो विश्राम होता. मध्यंतराच्या वड्यांचा घाणा काढायच्या आधी क्षणभर ऐकायला आलेला, कँटीनचा विश्राम, मूळ गोळवलीचा. हातात झारा तसाच.

दावडीला दोन बायकांनी उत्तर दिलं, एक डावीकडून, एक बाल्कनीतून. दोघींनी दचकून एकमेकींना शोधलं. पिसवलीला एक टाय घातलेला माणूस उभा राहिला, उत्तर दिलं आणि शेजाऱ्यांची माफी मागत बसला. घेसर, निळजे, काटई, उंबार्ली. प्रत्येक नावाला हॉलमधून कुठून ना कुठून कुणीतरी उठत होतं. ही माणसं वर्षानुवर्षं या खुर्च्यांवर येऊन बसत होती, इतरांसारखीच तिकीट दाखवून. टॉवरमध्ये राहत होती, बँकेत जात होती. शेजारच्या खुर्चीला ठाऊक नव्हतं की ती कुठल्या देवीची आहेत. आज त्यांना कुणीतरी नावानं बोलावलं होतं. धाकू दोर धरून बघत होता. गाणाऱ्याला जागा करून देणारी ती शांतता त्यानं हजारदा पाहिली होती. त्या शांततेच्या आत अशी माणसं बसलेली असतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, मी तीस वर्षं एका भरलेल्या घराच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि ते रिकामं समजत होतो.

मग पाथर्ली आली. तिथं बायजा नेहमीपेक्षा जास्त थांबली. ते तिचं आणि धाकूचं गाव. धाकूनं उत्तर द्यायचं मुद्दाम लांबवलं, का ते त्याला सांगता आलं नसतं. तिसऱ्या रांगेत आनंदराव होते, शाल घेतलेले, साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले आणि पंचेचाळीस वर्षं पाथर्लीतल्या एका चाळीत, मग त्याच चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत राहिलेले. त्यांचे देव घाटावर होते. ते एकदा बायकोकडे बघून, एकदा वर बघून, विचारल्यासारखे म्हणाले, "आयली?"

बायजानं त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं. मान हलवली. आणि पुढं गेली.

त्यानंतर कुणी कुणाला विचारलं नाही. कोकणातले, देशावरचे, खानदेशातले, भाड्यानं आलेले, कर्ज काढून राहिलेले, जो जिथं राहत होता तिथल्या देवीला उत्तर देऊ लागला. चोळ्याचं नाव आलं तेव्हा समोरच्या विंगेत मृणालताईंचे ओठ हलले. त्यांचा वर केलेला हात कधी खाली आला होता ते त्यांनाही कळलं नसावं. घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. ठाकुर्लीला शंभरेक आवाज एकदम आले. ते एकाच सुरात नव्हते, पण एकाच वेळी थांबले. लिओनार्डनं बायजाचा माईक तोवर हळूहळू शून्यावर आणला होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही. हॉल तिचा आवाज आपणच वाहून नेत होता.

शेवटी बायजानं सूर खाली आणला. शेवटचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर फक्त वधूचा बाप देतो.

*सारे आयले काय रे दादा, सारे बसले काय?*

नऊशे माणसं गप्प राहिली. हा प्रश्न आपल्यासाठी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सारे आयले," धाकू म्हणाला. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

ते संपलं आहे हे त्या हॉलमध्ये भाऊ-बहीण दोघांनाच ठाऊक होतं. धाकूनं दोर सोडायला सुरुवात केली. पडदा आपला आपण खाली आला.

टाळ्या वाजल्या की नाही यावर गावात अजून एकमत नाही. काही म्हणतात, खूप वेळ वाजल्या. विश्राम शपथेवर सांगतो की कुणीच वाजवल्या नाहीत, लोक नुसते उभे होते. लिओनार्डच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं काय आहे ते बघता येईल. पण ते त्यानं अजून कुणाला ऐकवलेलं नाही. चौतीस मिनिटं झाली, एवढंच तो सांगतो.

पडद्याआड बायजा गुडघ्यावर हात टेकून उठली. करिश्मा आणि दिपेश धावत आत आले होते. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि दोघांच्या कपाळाला तांदूळ लावले. मग धाकूपाशी आली. त्याच्यासमोर उभी राहिली. भाजीची गाडी तिथं नव्हती.

"पयली हाक दिलीस ती तू दिलीस का उंदरानं?"

सहा वर्षांनी आलेलं पहिलं वाक्य हे असं होतं.

"इथं बोलायचं नसतं, बाय," तो म्हणाला.

"कोनी सांगला?"

"रघुनानांनी."

"मेला ना तो?"

"कवाच मेले."

"मंग," बायजा म्हणाली. करिश्मा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि डोळे पुसत होती.

मागं मुख्य गायिका तानपुऱ्याजवळ उभ्या होत्या. देशभर गाऊन आलेल्या बाई. मृणालताई त्यांच्याकडे गेल्या आणि उशीर झाल्याबद्दल काही बोलू लागल्या. बाईंनी त्यांचा हात धरला. "पाच मिनिटं द्या मला. यांच्यानंतर लगेच नाही बसता येणार. माझा सा मला सापडत नाहीये." त्यांनी बायजाला वाकून नमस्कार केला. बायजानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पोरीच्या ठेवावा तसा, आणि करिश्माला विचारलं, "ही कोन?"

घरी जायचं म्हणून दिपेश रिक्षा बघायला निघाला, पण बायजा म्हणाली, "थांब. आयलेल्यांना बसवलाय, त्यांना टाकून कशी जाव." आणि ती धाकूच्या स्टुलावर बसली.

पाच मिनिटांची पंधरा झाली. मग पडदा उघडला. तानपुरे लागले आणि बाईंनी डोळे मिटून आलाप सुरू केला, शब्द नसलेला, एकेका स्वरावर खूप वेळ थांबत. बायजा मान वाकडी करून ऐकत होती. तिलाही त्या अर्ध्याच दिसत होत्या.

मग धाकूच्या बाहीला ओढून तिनं विचारलं, "धाकू, ही कोनाला बोलावतंय?"

तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. त्यानं हॉलकडे कान लावला. नऊशे माणसं श्वास धरून बसली होती. बाई पुन्हा एका स्वरावर येऊन थांबल्या होत्या.

"ठाव नाय, बाय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पन उत्तर देतंय कोनीतरी."

बायजानं त्याला हातानं गप्प केलं आणि पुढं वाकून ऐकू लागली.